जुन्या लेन्ससाठी सेकंडहँड डिजिटल कॅमेरा कसा निवडावा

रोलच्या कॅमेऱ्याबरोबर आलेली एखादी ५० मिलिमीटरची लेन्स घरात पडून असेल, तर ती डिजिटल कॅमेऱ्यावर चढवणं आज अगदी शक्य आहे. त्यासाठी नवा कॅमेरा घ्यायची गरज नाही, आणि माझं मत विचाराल तर घेऊही नये. डिजिटल कॅमेरा बाजारात जुना ठरतो तो मुख्यतः ऑटोफोकस मंद आहे, व्हिडिओ साधा आहे किंवा एका सेकंदात फोटो कमी निघतात म्हणून. जुनी लेन्स हातानेच फोकस करायची असते. म्हणजे ज्या उणिवांमुळे कॅमेऱ्याची किंमत उतरते, त्यांतल्या बहुतेक उणिवा आपल्याला लागूच होत नाहीत. सेन्सर, म्हणजे रोलच्या जागी चित्र टिपणारा भाग, मात्र तोच राहतो, आणि दहा वर्षांपूर्वीचा चांगला सेन्सर आजही उत्तम फोटो देतो.

फक्त निवड उलट्या क्रमाने करायची. एरवी आपण आधी कॅमेरा घेतो आणि मग त्याला लेन्स शोधतो. इथे लेन्स आधी पाहायची, आणि कोणता कॅमेरा घ्यायचा हे तिच्यावरून ठरवायचं.

पहिली पायरी : हातातली लेन्स ओळखा

लेन्सच्या मागच्या बाजूला स्क्रूसारखे आटे आहेत की फिरवून अडकवायच्या खाचा, हे आधी बघा. आटे असतील आणि तोंडाचा व्यास ४२ मिलिमीटर असेल, तर ती बहुधा एम४२ माऊंटची लेन्स आहे (माऊंट म्हणजे लेन्स आणि कॅमेरा जोडायची जागा). पेंटॅक्सच्या ताकुमार, झेनिट कॅमेऱ्यांबरोबर आलेल्या हेलिओस, प्राक्टिकाबरोबरच्या पेंटाकॉन या सगळ्या याच घरातल्या. खाचा असतील तर समोरच्या कड्यावरचं नाव मदतीला येतं. निक्कोर म्हणजे निकॉन, रोक्कोर म्हणजे मिनोल्टा, झुइको म्हणजे ऑलिंपस, हेक्सानॉन म्हणजे कोनिका. विव्हिटार, टॅमरॉन, टोकिना, सिग्मा यांच्या बाबतीत नावावर जाऊ नका. या कंपन्या एकच लेन्स वेगवेगळ्या माऊंटमध्ये काढत असत, त्यामुळे मागची बाजू पाहूनच ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट पाहायची ती अ‍ॅपर्चरची रिंग. लेन्सवर २, २.८, ४, ५.६ असे आकडे असलेली, उजेड आत सोडणारं भोक लहान-मोठं करणारी (आकडा लहान तितकं भोक मोठं) फिरती रिंग असेल तर काम सोपं. १९८७ पासूनच्या कॅननच्या ईएफ लेन्स आणि १९८५ पासूनच्या मिनोल्टाच्या ऑटोफोकस लेन्स यांना ती नसते. ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर विजेच्या संकेताने हलतं, मिनोल्टाचं कॅमेऱ्यातल्या दांडीने. अशा लेन्स वेगळ्या माऊंटच्या कॅमेऱ्याला जोडून देणाऱ्या साध्या अ‍ॅडॉप्टरवर नीट चालत नाहीत. त्यांच्यासाठी त्यांच्याच कुळातला डीएसएलआर (आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) घेणं शहाणपणाचं : ईएफसाठी कॅननचा, मिनोल्टा ऑटोफोकससाठी सोनीचा ए-माऊंटवाला.

कॅमेऱ्यावर पैसे घालण्याआधी लेन्सही तपासून घ्या. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. धुकट पडदा दिसला तर आतल्या काचेवर साका बसलाय. बारीक धूळ फोटोत येत नाही, तिची काळजी नको. मग अ‍ॅपर्चरची पाती बघा. ती तेलकट, चिकट झाली असतील तर रिंग फिरते पण पाती रेंगाळतात. काही जुन्या लेन्सची काच पिवळट दिसते. सुपर ताकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४ च्या बऱ्याच प्रतींमध्ये थोरियम असलेली काच आहे, ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवली की हा पिवळेपणा बराच उतरतो, त्यामुळे तेवढ्यासाठी लेन्स बाद करू नका.

दुसरी पायरी : अंतराची वजाबाकी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर.

प्रत्येक कॅमेऱ्यात माऊंटच्या कडेपासून सेन्सरपर्यंत (किंवा फिल्मपर्यंत) एक ठरलेलं अंतर असतं. लेन्स त्या अंतरासाठीच बनवलेली असते. सेन्सर त्याहून लांब गेला तर दूरचं काही फोकसमध्ये येत नाही. डोंगर, चंद्र, रस्त्याच्या टोकाची इमारत सगळं धूसर, फक्त जवळच्या वस्तू स्पष्ट. म्हणून नियम सरळ आहे : लेन्सचं अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त हवं. जो फरक उरेल तेवढ्या जाडीचा अ‍ॅडॉप्टर मध्ये बसतो.

आकडे असे. निकॉन एफ ४६.५ मिलिमीटर, ऑलिंपस ओएम ४६, कॉन्टॅक्स-याशिका ४५.५, पेंटॅक्स के आणि एम४२ दोन्ही ४५.४६, कॅनन ईएफ ४४, मिनोल्टा एसआर म्हणजेच एमडी ४३.५, कॅनन एफडी ४२. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची अंतरं फारच कमी : मायक्रो फोर थर्ड्स (ऑलिंपस आणि पॅनासॉनिकचं माऊंट) १९.२५, कॅनन आरएफ २०, सोनी ई १८, फुजी एक्स १७.७, निकॉन झेड १६.

आता वजाबाकी करून बघा. एफडीची लेन्स सोनी ई वर लावायची तर ४२ वजा १८, म्हणजे २४ मिलिमीटरचा पोकळ अ‍ॅडॉप्टर. मध्ये काच नाही, काही नाही. एम४२ ची लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर लावायची तर फरक जेमतेम दीड मिलिमीटर. तेवढी पातळ चकती पुरते. तीच लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर लावायला गेलात तर उत्तर उणे येतं. मग विक्रेते मध्ये भिंगाची काच असलेला अ‍ॅडॉप्टर देतात. त्याने दूरचं फोकस मिळतं, पण लेन्सचा मूळ दर्जा बिघडतो. एफडीची लेन्स कॅनन ईएफवर लावतानाही हीच अडचण येते, नाव दोन्हीकडे कॅननच असलं तरी. काचवाल्या अ‍ॅडॉप्टरच्या वाटेला जाऊच नका, असं मी स्पष्ट सांगेन.

तिसरी पायरी : मिररलेस की डीएसएलआर

पहिल्यांदाच घेणार असाल तर मिररलेस घ्या. वर दिलेली जवळपास प्रत्येक लेन्स त्याच्यावर बसते हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण फोकसचं आहे. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये सेन्सरला दिसणारंच चित्र दिसतं. ते पाचपट, दहापट मोठं करता येतं. धारदार कडांवर रंग उमटवणारी पीकिंगची सोय असते. उजेड कमी-जास्त झाला तर तेही तिथल्या तिथे कळतं.

डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र एका दुधी काचेवर पडतं. ऑटोफोकसच्या काळात ही काच उजळ दिसावी अशा बेताने बनवली गेली. तिच्यावर साधारण एफ/२.८ पेक्षा मोठ्या अ‍ॅपर्चरचा उथळ फोकस खरा दिसतच नाही. म्हणजे एफ/१.४ ची लेन्स लावून डोळ्याला सगळं स्पष्ट वाटतं, आणि संगणकावर बघावं तर डोळ्यांऐवजी कान फोकसमध्ये. रोलच्या कॅमेऱ्यात मध्यभागी असायची ती दुभंगलेल्या प्रतिमेची गोल खिडकीही इथे नसते. लाइव्ह व्ह्यू असलेल्या डीएसएलआरवर मागच्या पडद्यावर चित्र मोठं करून अचूक फोकस साधता येतो. स्थिर वस्तू आणि ट्रायपॉड असेल तर हा मार्ग चांगला आहे.

तरीही डीएसएलआर घ्यावा अशा काही जागा आहेत.

पेंटॅक्सच्या लेन्स असतील तर पेंटॅक्सचा डीएसएलआर. के माऊंट १९७५ पासून चालत आलंय, आणि २००६ च्या के१००डी पासून जवळजवळ सगळ्या बॉडींमध्ये (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांत) हात हलण्यावरचा स्थिरीकरणाचा उपाय कॅमेऱ्यातच आहे, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या लेन्सलाही तो मिळतो. लेन्सवर ‘ए’ खूण नसेल तर मेनूमध्ये अ‍ॅपर्चरची रिंग वापरायला परवानगी द्यायची, डायल एम वर ठेवायची आणि हिरवं बटण दाबून उजेड मोजायचा. एम४२ च्या लेन्सही अंतर सारखंच असल्याने इथे बसतात, मात्र माऊंटच्या आत बुडणारा अ‍ॅडॉप्टर हवा. बाहेर कड असलेला स्वस्त अ‍ॅडॉप्टर लेन्स पुढे ढकलतो आणि दूरचं फोकस जातं. एक सावधगिरी : रिकोहच्या ‘पी’ जातीच्या के माऊंट लेन्सवर एक जादा पिन असते. ती ऑटोफोकसवाल्या पेंटॅक्स बॉडीत अडकून बसते आणि मग लेन्स निघता निघत नाही.

निकॉनच्या लेन्स असतील तर कोणती बॉडी घेता याला फार महत्त्व आहे. डी२००, डी३००, डी७००, डी६१०, डी७५०, डी८००, डी७०००, डी७१००, डी७२०० या बॉडी १९७७ नंतरच्या एआय (लावलेलं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याला कळवणाऱ्या) लेन्सबरोबर उजेड मोजतात. डी९० आणि डी३०००, डी५००० या मालिका मोजत नाहीत. लेन्स बसते, पण एक्स्पोजर अंदाजाने ठरवावं लागतं. डी७५०० आकड्याने मोठा असला तरी त्यातून ही सोय काढून टाकलेली आहे. १९७७ च्या आधीची, बदल न केलेली लेन्स असेल तर ती डी७००० सारख्या बॉडीवर चढवू नका, माऊंटच्या कडेची छोटी पट्टी मोडू शकते. २०१३ च्या निकॉन डीएफमध्ये ती पट्टी वर उचलता येते.

कॅननच्या फुल फ्रेम (३५ मिलिमीटर रोलच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) डीएसएलआरवर काही एम४२ लेन्सचा मागचा भाग आत येतो आणि आरसा त्याला आपटतो. फोकस अगदी लांबवर नेल्यावरच हे घडतं. नवी जोडी करून बघताना आधी जवळच्या फोकसवर शटर दाबा आणि मग हळूहळू पुढे सरका.

चौथी पायरी : सेन्सर किती मोठा

तुमची ५० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवर ५० सारखीच दिसेल. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर ती ७५ सारखी (कॅननवर ८०), आणखी लहान मायक्रो फोर थर्ड्सवर १०० सारखी. लेन्स बदलत नाही, तिच्या चित्राचा मधला भागच तेवढा घेतला जातो. माणसांचे चेहरे टिपायला हे उलट सोयीचं पडतं. पण २८ ची वाइड लेन्स एपीएस-सीवर ४२ सारखी होते आणि तिचं वाइडपण संपतं.

जुन्या लेन्सचं खरं व्यक्तिमत्त्व तिच्या कडांना असतं. हेलिओस ४४ ची मागची गरगरती पार्श्वभूमी पूर्ण दिसायला फुल फ्रेमच हवी; छोट्या सेन्सरवर तो भाग कापला जातो. म्हणून बजेट ताणून जमत असेल तर मी फुल फ्रेमच सुचवेन, मग बॉडी एक पिढी जुनी चालेल. हातातल्या लेन्स ५० ते १३५ च्या दरम्यानच्या असतील आणि खर्च कमी ठेवायचा असेल तर एपीएस-सीमध्ये काहीही कमी पडणार नाही. एपीएस-सीवर पूर्ण दृश्य हवं असेल तर फोकल रिड्यूसर नावाचा काचवाला अ‍ॅडॉप्टर मिळतो. तो चित्र आवळून छोट्या सेन्सरवर आणतो, ०.७१ पटीचा असेल तर उजेडही एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, वाढतो. ही काच वर सांगितलेल्या काचेपेक्षा वेगळी, आणि दर्जेदार असेल तर घ्यावी अशी.

पाचवी पायरी : नेमकी बॉडी

तीन गोष्टी बघा आणि मेगापिक्सेल चौथ्या क्रमांकावर ठेवा : चांगला व्ह्यूफाइंडर, बॉडीतलं स्थिरीकरण, पीकिंगसह चित्र मोठं करायची सोय.

सोनी ए७ ही २०१३ ची बॉडी २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम आहे आणि जुन्या लेन्स वापरणाऱ्यांनी ती उचलून धरली. तिच्यात स्थिरीकरण नाही; ते २०१४ अखेरच्या ए७ मार्क २ पासून आलं. दोन्हींतून निवडायची तर मार्क २ घ्या. पहिल्या ए७ च्या माऊंटमध्ये धातूबरोबर प्लास्टिकचाही भाग होता, आणि जड अ‍ॅडॉप्टर व लोखंडासारख्या वजनदार लेन्स लावणाऱ्याला तिथला ढिलेपणा त्रास देतो. निकॉन झेड५ आणि झेड६ मध्येही स्थिरीकरण आहे. कॅनन आरपी आणि आर मध्ये नाही.

एपीएस-सीमध्ये सोनी ए६००० चांगली आणि सहज मिळणारी, पण स्थिरीकरणासाठी ए६५०० पर्यंत जावं लागतं. फुजीच्या एक्स-टी१, एक्स-टी२, एक्स-टी३ मध्ये व्ह्यूफाइंडर सुरेख आहेत, स्थिरीकरण नाही. ऑलिंपसच्या ओएम-डी मालिकेत ते सुरुवातीपासून, २०१२ च्या ई-एम५ पासूनच आहे. सोनीच्या नेक्स-३ आणि नेक्स-५ सारख्या बॉडी अत्यंत स्वस्तात मिळतात, पण त्यांना व्ह्यूफाइंडर नाही. भर उन्हात मागच्या पडद्यावर हाताने फोकस करणं फार जिकिरीचं. तो मोह टाळा.

सहावी पायरी : विकणाऱ्याला काय विचारायचं

शटर किती वेळा चाललंय ते विचारा. बॉडीनुसार शटर एक लाख, दीड लाख, दोन लाख वेळा चालेल असं कंपन्या सांगतात. तो आकडा ओलांडला म्हणजे शटर लगेच जातं असं नाही, पण किंमत त्याप्रमाणे उतरायला हवी. ताज्या मूळ फाइलमधून बऱ्याच कॅमेऱ्यांचा हा आकडा काढता येतो. कॅननच्या बहुतेक बॉडींमध्ये तो फोटोच्या फाइलमध्ये नसतो.

मेनू कोणत्या भाषांत आहे हे विचाराच. जपानमध्ये विक्रीसाठी काढलेल्या सोनीच्या बहुतेक बॉडींचा मेनू फक्त जपानीत असतो आणि बदलता येत नाही. सीरियल नंबरचा स्पष्ट फोटो मागा, तो बिलाशी जुळतो का बघा. नंबर खरवडलेला असेल किंवा दाखवायला टाळाटाळ होत असेल तर बोलणं तिथेच थांबवा. बॅटरी मूळ आहे का, चार्जर बरोबर आहे का, कार्ड कोणतं लागतं हेही आधीच विचारून घ्या. जुन्या डीएसएलआरना कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लागतं आणि ते वेगळं शोधावं लागेल.

सातवी पायरी : हातात घेऊन तपासणी

जाताना तुमची लेन्स, अ‍ॅडॉप्टर, रिकामं कार्ड आणि टॉर्च घेऊन जा. घाई करू नका. खरा विकणारा अर्धा तास देतो.

माऊंटपासून सुरुवात करा. लेन्स लावून हलक्या हाताने वरखाली करून बघा. खेळ जाणवला तर तो अ‍ॅडॉप्टरचा आहे की बॉडीचा, हे दुसरी लेन्स लावून ठरवा. माऊंटच्या स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर कोणीतरी आत हात घातलाय. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट किंवा पांढरा थर दिसला तर पाणी शिरलेलं असू शकतं, आणि अशी बॉडी कितीही स्वस्त असली तरी नको.

सेन्सरसाठी अ‍ॅपर्चर एफ/१६ वर न्या, फोकस मुद्दाम बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो काढा. मऊ गोल ठिपके म्हणजे धूळ, ती निघते. बारीक धारदार रेघ म्हणजे ओरखडा, तो निघत नाही. मग कॅप लावून दोन फोटो काढा, एक १/६० सेकंदाचा आणि एक काही सेकंदांचा. लांबच्या फोटोत थोडे रंगीत ठिपके प्रत्येक सेन्सरवर येतात. १/६० च्या फोटोतही बरेच असतील तर काळजी करा. ऑलिंपससारख्या काही कॅमेऱ्यांत असे ठिपके झाकणारं पिक्सेल मॅपिंग मेनूतच असतं, ते चालवून पुन्हा बघा.

शटरसाठी इलेक्ट्रॉनिक शटर आणि इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा, दोन्ही बंद करा. १/४००० ला सारख्या उजेडाच्या पृष्ठभागाचे पाच-सहा फोटो घ्या. एका बाजूला गडद पट्टा येत असेल तर पडदे थकलेत.

स्थिरीकरण असेल तर लेन्सचा आकडा मेनूत भरा, चित्र मोठं करून शटर अर्धं दाबा. चित्र शांत व्हायला हवं. थरथरत किंवा झटके देत असेल तर तो महागडा बिघाड आहे. काही बॉडी बंद असताना हलवल्या की आत किंचित खुडखुड ऐकू येते, ते सेन्सर मोकळा असल्याचं लक्षण आहे आणि त्यात गैर काही नाही. व्ह्यूफाइंडर कोपऱ्यापर्यंत स्वच्छ आहे ना, डोळा नेल्यावर आपोआप सुरू होतो ना, हे नीट बघा. तुमचं निम्मं काम तिथूनच होणार आहे. बाकी बटणं, डायल आणि पडद्याचा सांधा एकदा फिरवून घेतला की पुरे.

आठवी पायरी : अ‍ॅडॉप्टर आणि पहिली मांडणी

अ‍ॅडॉप्टर फार महाग घ्यायची गरज नाही, पण आतून काळा आणि चमक नसलेला हवा. नाहीतर उजेड आत परावर्तित होऊन फोटो फिके पडतात. बरेचसे अ‍ॅडॉप्टर जाणूनबुजून किंचित पातळ केलेले असतात, म्हणून लेन्सवरच्या अनंताच्या खुणेच्या थोडं आधीच दूरचं फोकस मिळतं. त्यात दोष नाही, खुणेवर विसंबू नका इतकंच. एम४२ लेन्सवर ए आणि एम (ऑटो आणि मॅन्युअल) असा खटका नसेल तर मागची पिन दाबून धरणारी कड असलेला अ‍ॅडॉप्टर मागा, नाहीतर पाती कायम उघडीच राहतील. एफडीच्या अ‍ॅडॉप्टरवर अ‍ॅपर्चर मोकळं करणारी स्वतंत्र रिंग असते, ती योग्य स्थितीत फिरवायला लोक विसरतात आणि लेन्स बिघडली समजतात.

कॅमेऱ्यात आधी ‘लेन्सशिवाय शटर’ सुरू करा. अ‍ॅडॉप्टरवरची लेन्स कॅमेऱ्याला दिसतच नाही, त्यामुळे हे बंद असेल तर काही कॅमेरे फोटोच काढत नाहीत. मोड ए ठेवा : तुम्ही लेन्सवर अ‍ॅपर्चर फिरवाल आणि शटरचा वेग कॅमेरा ठरवेल. स्थिरीकरणात लेन्सवर लिहिलेलाच आकडा भरा, सेन्सरच्या पटीने गुणलेला नको, आणि लेन्स बदलली की तोही बदला. ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्यावर सोडणं) वापरणार असाल तर किमान वेग स्वतः १/१२५ च्या आसपास बांधा, कारण लेन्स किती मिलिमीटरची हे कॅमेऱ्याला माहीत नसतं. चित्र मोठं करायचं काम अंगठ्याखालच्या बटणाला द्या.

पीकिंग घाईच्या वेळी कामाला येतं, पण ते जरा सढळ हाताने रंग भरतं. मोठ्या अ‍ॅपर्चरवर चित्र मोठं करूनच फोकस करा, आणि ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढायचा त्याच अ‍ॅपर्चरवर. काही जुन्या वेगवान लेन्सचा फोकस अ‍ॅपर्चर बंद करताना किंचित सरकतो. एफ/८ च्या पुढे जायचं असेल तर उघड्यावर फोकस करून मग बंद केलेलं सोपं.

परत करायची मुदत असेल तर त्या मुदतीतच सगळ्या लेन्स एकदा लांबच्या इमारतीवर लावून बघा, दोन बॅटऱ्या संपेपर्यंत कॅमेरा वापरा, आणि काढलेले फोटो मोठ्या पडद्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासा. एकच बाजू धूसर येत असेल तर अ‍ॅडॉप्टर बदलून पुन्हा घ्या. अ‍ॅडॉप्टर बदलूनही तीच बाजू सगळ्या लेन्सवर धूसर राहिली तर माऊंट किंवा सेन्सर तिरका आहे, आणि ती बॉडी परत करा.